अर्धी आठवलेली युक्ती

चष्म्याच्या दुकानात शिरताना तो माणूस काचेच्या दारावर आपटला, आणि आत आल्यावर त्याने तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचून दाखवली. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून एकाच सकाळी घडणं शक्य नाही, हे डोळे तपासणाऱ्या मुलीला चांगलं ठाऊक होतं.

तिला दुकानात सगळे बाहुली म्हणत. हे नाव दुकानाच्या मालकांनी, म्हणजे काकांनी ठेवलेलं. डोळ्यातली असते ना, ती बाहुली, असं ते गिऱ्हाइकांना आवर्जून सांगत, कारण दुसऱ्या कुठल्या अर्थाने ती बाहुली शोभली नसती. उंच, हाडापेराने मोठी आणि बोलायला फटकळ. पाच वर्षं ती तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांत उजेड पाडून बघत होती. माणूस थाप मारायला लागला की त्याचे डोळे काय करतात, हेही तिला त्या ओघात कळायला लागलं होतं.

तिने तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती.

"आता वाचा."

"हे..." तो पुढे वाकला, डोळे बारीक केले. "हे काहीतरी आहे. एवढं नक्की."

मग सगळं बाहेर आलं. बाकावर बसून वाट पाहताना आधीच्या बाईंचं वाचन त्याच्या कानावर पडलं होतं. पी, टी, एल, के, डी. आणि त्याच्या डोक्याला खोड अशी, की सुटी अक्षरं ऐकली की त्यांचं वाक्य होऊन बसतं. 'पाहुणे टपकले, लपा कुठेतरी, दादा.' झाली ओळ पाठ. फसवायचा हेतू मुळीच नव्हता, असं तो अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाला. पाठ झालेलं विसरायचं कसं, ते त्याला येत नव्हतं.

"ही परीक्षा डोळ्यांची आहे," ती म्हणाली. "डोक्याची नाही."

तिने त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम ठेवली आणि एकेक काच बदलायला घेतली. आधी बरं दिसत होतं की आता? आता की आधी? हा प्रश्न ती दिवसातून दोनशे वेळा विचारायची. पण या वेळी तो "आता" म्हणाला तेव्हा तक्ता होता भिंतीवर, आणि तो बघत होता तिच्याकडे. तिने त्याची हनुवटी धरून मान तक्त्याकडे वळवली. आपले कान का तापले, ते तिला कळेना. पंखा तर चालू होता.

जायला उठला तेव्हा त्याला टेबलावरचं जाडजूड पुस्तक दिसलं. इंग्रजीतल्या अवघड शब्दांचं पुस्तक, पानापानांतून चिठ्ठ्या बाहेर आलेल्या. दूरच्या शहरातल्या मोठ्या नेत्ररुग्णालयात तिला जागा हवी होती. तिथे लहान मुलांच्या डोळ्यांवर काम चालायचं, आणि तेच शिकायचं तिने कॉलेजात असल्यापासून मनाशी धरलं होतं. पण त्याआधी एक परीक्षा, आणि त्या परीक्षेत इंग्रजी शब्दांचा एक पेपर. दोनदा बसली, दोनदा त्याच पेपराने पाडलं. तिसरी संधी शेवटची होती. रोज चाळीस शब्द गिळते आणि सकाळी एकही पोटात राहत नाही, असं तिने त्या परक्या माणसाला सांगून टाकलं. का सांगितलं, देव जाणे.

तो समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हेच शब्द शिकवत होता. सगळे त्याला मास्तर म्हणत, जरी तो तिशीचाही नव्हता.

"अडलेला शब्द सांगा एखादा."

"गॅर्युलस."

"गाऱ्हाणं. जो गाऱ्हाणी सांगत सुटतो आणि थांबतच नाही, तो. बडबड्या."

"गलिबल."

"ज्याच्या गळी काहीही उतरवता येतं, तो. भोळा."

"पेटुलंट," तिने मुद्दाम विचारलं.

"पटकन पेटणारी. चिडकी."

"पेटणारी का? पेटणारा का नाही?"

"उदाहरण समोर असलं की लांब कशाला जायचं," मास्तर म्हणाला, आणि जाताना पुन्हा दारावर आपटला.

त्या दिवशी असे सहा शब्द झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना सहाच्या सहा तिच्या डोक्यात होते, आणि प्रत्येक शब्दाला त्या माणसाचा आवाज चिकटलेला होता. याचं सुख मानावं की धास्ती घ्यावी, ते तिला ठरवता येईना.

चष्मा तयार झाला, मास्तर घेऊन गेला, आणि चौथ्या दिवशी परत आला. दांडीचा स्क्रू सैल झाला म्हणाला. तिने तो पिळून दिला. त्यात पाच-सात शब्द झाले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दांडीचा स्क्रू सैल. मग नाकावरची पट्टी वाकडी. मग पुन्हा पहिला स्क्रू. या वेळी तिने तो भिंगाखाली धरून पाहिला, तर स्क्रूच्या डोक्यावर ताजे ओरखडे. चष्म्याचा स्क्रू आपोआप सैल होतो तेव्हा ओरखडे पडत नाहीत. कुणी बसून तो उलटा फिरवला तरच पडतात. त्या दिवसापासून ती स्क्रू जरा सावकाश पिळायला लागली.

काकांना सगळं दिसत होतं. त्यांच्या दुकानात न दिसणारा माणूस कुणी नव्हताच. पण ते खाली मान घालून काचा पुसत राहायचे आणि मास्तर आला की त्यांना नेमकं मागच्या खोलीत काम निघायचं.

आता खरा घोळ कुठे होता, तर वाक्यांमध्ये. मास्तरचा नियम असा, की शब्द आला की लगेच वाक्यात वापरायचा, नाहीतर तो उडून जातो. आणि मास्तरची वाक्यं मोठी विचित्र असायची. 'स्मिटन' हा शब्द घ्या. एक स्मित पाहिलं आणि माणूस कामातून गेला, म्हणजे स्मिटन, अशी युक्ती. ती ठीकच. पण पुढचं वाक्य असं, की एक शिक्षक चष्मा करायला गेला आणि स्मिटन होऊन परत आला. 'सलन' म्हणजे मनात सल असल्यामुळे तोंड पाडून बसलेला. वाक्य काय, तर दुकान बंद असतं त्या वारी शिक्षक सलन असतो. हे उदाहरण आहे की आणखी काही? विचारावं, तर तो सरळ चेहऱ्याने म्हणणार की उदाहरण आहे, आणि मग आपण कुठे तोंड लपवायचं?

एकदा तिने धीर केला.

"तुमच्या वाक्यात नेहमी एक शिक्षक आणि एक दुकान का असतं?"

"काय?" तो म्हणाला.

"काय काय? मी विचारतेय."

"नाही, शब्द सांगतोय. कॉय. लाडिकपणे 'काय' म्हणून मान वळवणारी. लाजणारी, किंवा लाजल्यासारखं करणारी."

"मी कुठे लाजले?"

"मी कुठे तुमचं नाव घेतलं?" तो म्हणाला, आणि तिने मान वळवली. वळवल्यावर तिच्या लक्षात आलं की नेमकं हेच त्याला हवं होतं.

ती मावशीकडे राहायची. मावशी पोस्टात होती आणि पत्रं वेगळी काढता काढता माणसंही वेगळी काढायला शिकली होती. जेवताना भाची एकटीच हसते, आमटीत मीठ नाही हे तिला कळत नाही, आणि झोपेत 'ॲम्बिव्हॅलंट' म्हणते, हे मावशीच्या नजरेतून सुटलं नाही. या शब्दाचा अर्थ काय, असं तिने सकाळी विचारलं. आंबट आहे की गोड, जिभेला ठरवता येत नाही, अशी मनाची अवस्था, असं भाचीने सांगितलं. मावशी म्हणाली की मग हा शब्द इंग्रजीत शिकायची काही गरज नाही, तो घरातच दोन महिने मुक्कामाला आहे.

परीक्षा जवळ आली तसे ते दोघं दुकान बंद झाल्यावर समोरच्या जिन्यात बसायला लागले. बाहेर रिपरिप पाऊस, जिन्यात ओल्या छत्र्यांचा वास, आणि दोघांच्या मध्ये ते जाडजूड पुस्तक. पुस्तक उघडायचं मात्र नाही, असा मास्तरचा कडक नियम; अडलं की युक्ती आठवायची, पानं उलटली की आठवण आळशी होते. एका संध्याकाळी तीस शब्द झाले. त्यातले पहिले वीस तिने नीट ऐकले. एकविसाव्याच्या सुमारास वरून कुणी उतरलं म्हणून मास्तर सरकून बसला, त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं, आणि ते तिथेच राहिलं. उरलेले दहा शब्द तिच्या कानावरून गेले. डोक्यात किती गेले ते विचारू नका. 'पाइन' हा शब्द त्या दहांतला होता.

परीक्षेला तीन दिवस उरले तेव्हा तिला राहवेना. पास झाले तर दोन महिन्यांत गाव सुटणार. नाही झाले तर हे स्वप्न कायमचं संपणार. दोन्हीकडून रडूच. आणि या सगळ्यात हा माणूस नेमका कुठे उभा आहे? रेटिसंट म्हणजे रेटा दिल्याशिवाय न बोलणारा, हे त्यानेच शिकवलं होतं. तिने रेटा दिला.

"मी पास झाले तर जाणार. मग तुम्ही काय करणार?"

मास्तरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तीन हजार शब्द ज्याच्या जिभेवर, त्याला एक सापडेना.

"मी... लिहून देतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने चष्म्याचं घर काकांजवळ दिलं आणि तिला द्या म्हणून सांगून गेला. आत चष्मा नव्हता. घडी केलेला कागद होता, आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी. 'यू मस्ट गो. आय शॅल पाइन.'

पहिली ओळ सोपी होती. तुम्ही जायलाच हवं. आणि दुसरी? पाइन... पाइन... झाडाचं नाव तर नक्की नव्हतं. तिने डोळे मिटले, जिना आठवला, पाऊस आठवला, कोपर आठवलं, आणि मग त्याचा आवाज आला. पाइन म्हणजे 'पाहीन'.

पाहीन.

तिने डोळे उघडले. तुम्ही जा, मी पाहीन. अच्छा. हा शब्द तिला काही नवा नव्हता. घरमालक गळक्या नळाबद्दल तीन वर्षं 'पाहीन' म्हणत होते. काका फ्रेम विकायला येणाऱ्यांना 'पाहीन' म्हणूनच वाटेला लावायचे. जगात कुणालाही नाही म्हणायचं धैर्य नसलं की माणूस पाहीन म्हणतो. दोन महिने स्क्रू सैल करून आणणारा माणूस, स्पष्ट विचारल्यावर म्हणतो काय, तर पाहीन. तेही इंग्रजीत, म्हणजे वर अभ्यास घेतल्याचं पुण्य. पुस्तक हाताशी होतं, पण ते उघडायचं तिच्या मनातही आलं नाही. जे इतकं स्पष्ट आहे ते काय तपासायचं?

तिने कागद उलटा केला, त्यावर मराठीत ठसठशीत लिहिलं, 'मीही पाहीन', आणि चष्म्याचं घर काकांकरवी परत पाठवलं. मग ती तपासणीच्या खोलीत दिवा न लावता दहा मिनिटं रडली. बाहेर आली तेव्हा काचेतून समोरचा जिना दिसत होता आणि मास्तर तो दोन-दोन पायऱ्या गाळत चढत होता. सुटला बिचारा, तिला वाटलं. पायही हलके झाले त्याचे.

परीक्षेच्या सकाळी तो केंद्राच्या फाटकाशी छत्री घेऊन हजर. चेहरा असा, की जॉव्हिअल म्हणजे जावयासारखा खुशीत, ही युक्ती त्याने आरशात बघूनच बांधली असावी. तिची रात्रभर झोप झाली नव्हती, आणि हा हसत होता.

"सगळं येतंय तुम्हाला," तो म्हणाला. "मी इथेच थांबतो."

"कशाला? पाहीन म्हणालात ना? मग पाहा की आरामात."

"तेच तर करतोय," तो अगदी सुखाने म्हणाला.

याला लाज कशी ती नाही, की आपल्यालाच काही कळत नाही? ती तोंड फिरवून आत गेली. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज होता आणि पुढच्या बाकावरच्या माणसाचं पेन सारखं टकटकत होतं. पहिले चाळीस प्रश्न तिने रागाच्या भरात सोडवले. राग अभ्यासाला वाईट नसतो. एकामागून एक गाऱ्हाणी, गळी, रेटा, सल सगळं आपापल्या जागी येऊन उभं राहिलं. आणि एकेचाळिसावा प्रश्न होता, 'पाइन' या शब्दाचा अर्थ.

ती कडवट हसली आणि पर्यायांत 'टाळाटाळ करणे' शोधायला लागली. ते नव्हतं. तिने पुन्हा वाचलं. पहिला पर्याय घासून चकचकीत करणे. दुसरा झुरणे. तिसरा टर उडवणे. चौथा आक्रसणे. 'बघू नंतर', 'पुढे ढकलणे', असलं काही नव्हतंच. आता आली का पंचाईत? पाइन म्हणजे पाहीन, इथपर्यंत पक्कं होतं. पण काय पाहीन? तिने पेन खाली ठेवलं आणि त्या संध्याकाळचे उरलेले शब्द कानात शोधायला लागली. कोपर बाजूला सारलं. पाऊस बाजूला सारला. आणि मग त्याचं सगळं वाक्य ऐकू आलं, तो जिन्याच्या कठड्याकडे बघत, जरा हळू आवाजात बोलला होता तसंच. 'पाइन म्हणजे, वाट पाहीन. पाहीन, पाहीन, आणि पाहता पाहता झुरून जाईन.'

तुम्ही जायलाच हवं. मी झुरेन.

तिच्या घशातून काय आवाज निघाला ते तिलाच समजलं नाही, पण पर्यवेक्षक बाई जवळ आल्या आणि बरं वाटत नाही का, म्हणून विचारायला लागल्या. बरं वाटतंय, खूप बरं वाटतंय, असं ती म्हणाली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाईंनी पाण्याचा पेला आणून दिला. ती खूश होती, ओशाळली होती, आणि त्या माणसावर चिडलीही होती, कारण एवढी गोष्ट सांगायला याला मराठी भाषा पुरेना? घड्याळात तेरा मिनिटं उरली होती आणि प्रश्न एकोणीस. रडत बसले तर जागाही जाईल, हे तिला लख्ख कळलं. तिने नाक पुसलं, दुसऱ्या पर्यायावर खूण केली आणि पुढे निघाली. घंटा झाली तेव्हा दोनच प्रश्न कोरे राहिले होते.

बाहेर भुरभुर चालू होती. मास्तर फाटकाशी तिथेच उभा होता, पण सकाळचं हसू ओसरलं होतं. तीन तास तिच्या त्या फिरवलेल्या तोंडाचा विचार करून त्याच्या चष्म्यावर आतून वाफ आणि बाहेरून थेंब जमले होते.

"पेपर?"

"दोन सुटले. बाकी बरा गेला. एक जवळजवळ चुकला होता."

"कुठला?"

"पाइन."

तो गोंधळला. "पण तो तर तुम्हाला येत होता. तुम्ही तर चिठ्ठीवर..."

मग तिने सगळं सांगितलं. अर्धीच युक्ती आठवली ते, घरमालकाचा नळ, काकांचे फ्रेमवाले, अंधारातली दहा मिनिटं. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, छत्रीच्या काडीकडे बघत होती. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे ते 'मीही पाहीन'..."

"रागाने लिहिलं होतं."

"आणि मी त्या भरात..."

"काय केलंत त्या भरात?"

बराच रेटा दिल्यावर कळलं. त्याने वर्गाला दोन शब्दांचे अर्थ उलटेपालटे शिकवले होते. वर्गात शिकवता शिकवता तो गायला लागला होता म्हणे. आणि काल सकाळी त्याने त्या दूरच्या शहरातल्या एका शिकवणीला पत्र टाकलं होतं, की तुमच्याकडे शब्द शिकवायला कुणी हवं आहे का. दोन महिन्यांत येऊ शकेन, असंही लिहिलं होतं.

"टाकलंत?" तिने विचारलं.

"टाकलं. तुमच्या मावशींच्याच पोस्टात." त्याने चष्मा काढला, ओल्याच बाहीने पुसला, आणि तो होता त्याहून धुरकट झाला. "तुम्हाला न विचारता. मला वाटलं, तुम्हीही... जाऊ द्या. म्हणजे मी उगाचच खूश झालो."

गेले दोन महिने तिच्या मनात जेवढे प्रश्न होते, तेवढे तिने एकदा चाचपून पाहिले. एकही जागेवर नव्हता. निकाल लागायचा होता, शहर लांब होतं, त्या शिकवणीचं उत्तर यायचं होतं, पण त्यातल्या कशानेही तिला गोंधळायला होत नव्हतं. तिने त्याच्या हातातून चष्मा घेतला, कोरड्या रुमालाने पुसला आणि त्याच्या डोळ्यांवर चढवला.

"उगाच नाही झालास," ती म्हणाली. "जरा आधी झालास, एवढंच."

मास्तर तिच्याकडे बघत राहिला. पावसाचा थेंब छत्रीच्या काडीवरून त्याच्या मनगटावर पडला, तोही त्याला कळला नाही.

"झालास?" त्याने हळूच विचारलं.

"हो," ती म्हणाली. "झालास."